फोटोची चतुःसीमा

(ग्रामदैवताच्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आजच्या विषयाकडे वळू या. विषय थोडा वेगळा आहे. देवळाच्या सोहळ्यात सहसा पुराणावर, कीर्तनावर, संतांच्या शिकवणुकीवर बोलले जाते. आज बोलायचे आहे ते एका जुन्या फोटोविषयी, आणि त्या निमित्ताने ज्यांच्या पाठीवर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही अशा सर्वच फोटोंविषयी.

स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीने आवाहन केले की, ज्यांच्या घरी जुन्या देवळाचा फोटो असेल त्यांनी तो आणून द्यावा. फोटो आले. कोणाचा लग्नाच्या वरातीतला, कोणाचा जत्रेतला, कोणाचा शाळेच्या सहलीचा. त्यांतच मुंबईस स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने पाठविलेला एक फोटो होता. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाशी तो सापडला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. त्यात दगडी देऊळ आहे, पुढे दीपमाळ आहे, मागे डोंगर आहे आणि दीपमाळेजवळ ओळीने उभी असलेली आठ माणसे आहेत. पाठीमागे जिल्ह्याच्या गावच्या एका फोटो स्टुडिओचा शिक्का. बाकी सगळे कोरे.

फोटो पाहून मंडळी हरखून गेली. 'हेच आपले जुने देऊळ, हाच मुखपृष्ठावर घ्यायचा,' असे काहींनी म्हटले. काहींनी मान हलविली. 'आपली दीपमाळ देवळाकडे तोंड करून उभे राहिले तर उजव्या हाताला आहे, या फोटोत ती डावीकडे आहे. डाव्या हाताला दीपमाळ शेजारच्या गावी आहे. हे देऊळ त्यांचे.' शब्दाने शब्द वाढला. वास्तविक दोन्ही बाजूंचा हेतू चांगलाच होता. परंतु हेतू चांगला असला म्हणून नोंद खरी होत नाही.

जमिनीचा व्यवहार करताना आपण काय करतो? खरेदीखतात नुसते 'अमक्याचे शेत' असे लिहून भागत नाही. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस ओढा की रस्ता, उत्तरेस कोणाचा बांध, अशी चतुःसीमा लिहावी लागते. शेताचा मालक बदलतो, पीक बदलते, परंतु ओढा आणि डोंगर आपली जागा सोडत नाहीत. निनावी फोटोचेही तसेच आहे. त्यावर नाव नसेल तर त्याची चतुःसीमा शोधायची. समोर काय आहे, मागे काय आहे, उजवीकडे काय, डावीकडे काय, आणि त्यातले न हलणारे कोणते, हे आधी ठरवायचे.

हे काम जगात पुष्कळ ठिकाणी झालेले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्ग नावाचे गाव आहे. तेथे १८६३ च्या जुलै महिन्यात तीन दिवस मोठी लढाई झाली. लढाई संपल्यावर अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचे सहकारी काचेच्या निगेटिव्हचे सामान घेऊन तेथे पोहोचले आणि त्यांनी रणभूमीचे फोटो घेतले. फोटो जगभर गाजले. परंतु त्यांतल्या कित्येकांखाली छापलेली ठिकाणे चुकीची होती. शंभर वर्षे तीच पुस्तकांतून छापली गेली, कारण छापील मजकुरावर शंका कोण घेणार? पुढे विल्यम फ्रासानिटो नावाचा अभ्यासक ते फोटो हातात घेऊन त्या माळावर हिंडला. फोटोत माणसांच्या मागे मोठमोठे धोंडे दिसत होते. धोंड्याला गेलेली भेग, त्याचा उतार, शेजारच्या दगडाशी त्याचे अंतर, हे तो जुळवीत गेला. भेगाळलेला एक धोंडा सापडला आणि त्यावरून अनेक फोटोंची जागा एकदम ठरली. हे सर्व त्याने १९७५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. खाली छापलेली अक्षरे खोटी ठरली, आणि साक्ष दिली ती धोंड्याने.

यातून पहिला धडा असा की, फोटोवर जे लिहिलेले आहे तेही तपासून घ्यावे. स्टुडिओचा शिक्का फार तर फोटो कोणी काढला ते सांगतो, कोठे काढला ते सांगत नाही. स्टुडिओवाले जत्रेसाठी, लग्नासाठी गावोगाव फिरत असत. त्यांचा शिक्का त्यांच्या दुकानाच्या गावचा.

गावाच्या नावानेही घोटाळे होतात. साहेबांच्या काळातल्या फोटोंखाली इंग्रजीत 'बॅसीन' असे लिहिलेले असते. आपल्याकडचा माणूस म्हणेल ही वसई, आणि ते बरोबरही असेल. परंतु ब्रह्मदेशातही त्याच नावाचे एक शहर होते, त्याला आता पाथेन म्हणतात. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराखाली होता, तेव्हा दोन्हीकडचे फोटो एकाच दप्तरात सापडले तर नवल नाही. नारळीची झाडे इकडे आहेत तशी तिकडेही आहेत. एवढ्या दूर कशाला जायचे? आपल्याच राज्यात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, याची गणती करायला बसले तर दिवस पुरायचा नाही. एकाच शिवेवर बुद्रुक वेगळे आणि खुर्द वेगळे. नुसते 'पिंपळगाव' लिहिलेला फोटो म्हणजे पत्ता नसलेले पाकीटच.

आता देवळांचे पाहू. दगडी देऊळ दिसले की हेमाडपंती म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. पण देवळातही चेहरेपट्टी असते. सिन्नरचे गोंदेश्वर आणि अंबरनाथचे शिवमंदिर ही दोन्ही एकाच घराण्यातली वाटावीत अशी आहेत. शिखराची ठेवणही एकाच प्रकारची, तिला जाणकार भूमिज शैली म्हणतात. तरी फोटोतून ती ओळखता येतात. गोंदेश्वर हे पंचायतन आहे, म्हणजे मुख्य देवळाभोवती चार कोपऱ्यांना चार लहान देवळे आहेत आणि शिखर वरपर्यंत शाबूत आहे. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग राहिलेला नाही. तेव्हा 'जुने दगडी शिवालय' एवढ्यावर न थांबता देवळे किती, शिखर कोठपर्यंत, खांब किती, पायऱ्या किती, असे मोजू लागले की फोटो बोलू लागतो.

ठिकाणाबरोबर काळही पाहावा लागतो. मुंबईच्या अपोलो बंदराचा एखादा फोटो हाती आला, त्यात ताजमहाल हॉटेल उभे आहे पण समोर गेटवे ऑफ इंडिया नाही, तर तो फोटो १९०३ नंतरचा आणि १९२४ च्या आधीचा असला पाहिजे. कारण हॉटेल १९०३ साली सुरू झाले आणि गेटवेचे उद्घाटन १९२४ साली झाले. राजाबाई टॉवर पुरा बांधलेला दिसला तर तो फोटो १८७८ च्या आधीचा असूच शकत नाही. खेडेगावात असे टॉवर नसतात, पण खुणा असतात. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला धावली. त्या नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. फोटोत एस. टी. दिसली तर तो त्यानंतरचा. गाडीच्या पाटीवर 'एमएच' आणि पुढे जिल्ह्याचा आकडा असेल तर तो १९८९ नंतरचा. विजेचा खांब असेल तर गावात वीज आल्यानंतरचा. शाळेचे कौल, रस्त्याचे डांबर, पाण्याची टाकी, या प्रत्येकाची तारीख ग्रामपंचायतीच्या दप्तरात कोठे ना कोठे मिळते. आजच्या काळात जी वस्तू अगदी क्षुल्लक वाटते, तीच पन्नास वर्षांनी साक्षीदार ठरते.

आता आपल्या फोटोकडे येऊ. विजेचा खांब त्यात नाही. म्हणजे तो गावात वीज येण्यापूर्वीचा, एवढे सर्वांनी मान्य केले. मागचा डोंगर पाहिला. डोंगराला एक खिंड आहे आणि आपल्या डोंगरालाही खिंड आहे. परंतु आपले देऊळ पूर्वाभिमुख. देवळाकडे पाहणारा माणूस पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो, त्याच्या डाव्या हाताला दक्षिण येते आणि खिंड तिकडे दिसते. फोटोत ती उजवीकडे आहे. दीपमाळही उलट बाजूस, खिंडही उलट बाजूस. 'दोन खुणा जुळत नाहीत, तेव्हा हे आपले नव्हे,' असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम झाली. मग काही तरुण मंडळी मोटारसायकल काढून शेजारच्या गावी जाऊन आली. तेथे दीपमाळ डाव्या हाताला आहे खरी, पण देवळामागे डोंगरच नाही, सपाट माळ आहे. म्हणजे फोटो त्यांचाही नव्हे. मग कोणाचा?

उलगडा झाला तो अगदी साध्या गोष्टीने. फोटोतल्या आठ माणसांत एक पुजारी आहेत. उघड्या अंगाने, धोतर नेसून उभे आहेत. समितीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी भिंग लावून पाहिले आणि ते म्हणाले, 'यांचे जानवे उजव्या खांद्यावर कसे?' जानवे डाव्या खांद्यावर असते, हे सर्वांना ठाऊक आहे. उजव्या खांद्यावर येते ते अपसव्य केल्यावर, म्हणजे श्राद्ध-तर्पणाच्या वेळी. देवळापुढे चार माणसांत फोटोला उभा राहणारा पुजारी अपसव्य करून कशाला उभा राहील? मग शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांचा कोट पाहिला. पुरुषांच्या कोटात डावा पदर वर येतो. येथे उजवा पदर वर होता. दुसऱ्याच्या कोटाचेही तसेच. एकाने चूक केली असेल, सगळ्यांनी कशी करावी?

तेव्हा ध्यानात आले की माणसे चुकलेली नाहीत, फोटोच उलटा छापलेला आहे. पूर्वी फोटो काचेच्या निगेटिव्हवर घेत. छापताना काच उलट्या बाजूने ठेवली गेली की आरशात दिसते तसे चित्र छापले जाई, उजवे ते डावे आणि डावे ते उजवे. छपाई चांगली झाली तर नुसत्या नजरेला काहीच कळत नाही. फोटोकला जन्माला आली तेव्हा तर हा दोष तंत्रातच होता. फ्रान्समध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला. माणूस दिसणारे ते सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. तेही आरशातल्यासारखे उलटे आहे. आजच्या नकाशाशी ते जुळवायचे तर आधी त्याची बाजू पालटावी लागते.

आपल्या फोटोचीही बाजू पालटली. त्यासाठी काही खर्च आला नाही, मोबाइलवर एका बोटाने ते काम झाले. जानवे डाव्या खांद्यावर आले, कोटाचा पदर ठिकाणावर आला, दीपमाळ उजवीकडे आली आणि खिंड डावीकडे आली. चारही खुणा एकदम जुळल्या. गावातल्या सर्वांत वयोवृद्ध आजींना आदल्या दिवशी मूळ फोटो दाखविला होता, तेव्हा त्या काहीच बोलल्या नव्हत्या. आता पालटलेला फोटो दाखविताच त्या म्हणाल्या, "आता कसं! हा आपलाच डोंगर हाय. काल परक्याचा वाटत हुता." नव्वदीच्या पुढचे वय, दृष्टी अधू. परंतु लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी सडा घालताना जो डोंगर पाहिला, तो उलटा झाला तर त्यांच्या नजरेला खटकला. त्या नजरेपुढे भिंगही फिके पडले.

तरीही समितीने घाई केली नाही, ही अभिनंदनाची गोष्ट होय. आणखी एक तपासणी बाकी होती. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एक मोठे काम केले. शंभर वर्षांपूर्वी सरकारी पाहणीत घेतलेले डोंगरदऱ्यांचे फोटो घेऊन ते गेले आणि मूळ फोटोग्राफर जेथे उभा होता नेमक्या त्याच जागेवर उभे राहून त्यांनी पुन्हा फोटो घेतले. जागा कशी सापडते? युक्ती सोपी आहे. फोटोत जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू धरायची. आपण डावी-उजवीकडे सरकलो की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून सरकलेली दिसते. फोटोत त्या जशा एकमेकींपुढे आहेत तशा डोळ्यांना दिसेपर्यंत सरकत राहायचे. अशा दोन जोड्या एकाच वेळी जुळल्या की पाय त्या जुन्या माणसाच्या पावलावर पडला असे समजावे.

आपल्या पोरांनी तेच केले. दीपमाळेचा शेंडा खिंडीच्या कडेला टेकला पाहिजे, आणि देवळाच्या शिखराचा कळस डोंगराच्या सोंडेखाली आला पाहिजे. सरकत सरकत ती पोरे आजच्या ग्रामपंचायतीच्या ओट्याशी येऊन थांबली. तेथून सगळे जसेच्या तसे जुळते. शेजारच्या गावातल्या देवळाची कथा तेथे संपली आणि वादही संपला. ज्यांनी आधी 'हे आपले नव्हे' असे म्हटले होते, त्यांचेही येथे आभार मानले पाहिजेत. त्यांनी शंका घेतली नसती तर हा फोटो मुखपृष्ठावर उलटाच छापला गेला असता.

उलटा छापला असता तर काय बिघडले असते, असे कोणी विचारील. बिघडले असते ते असे. फोटोखाली 'डावीकडून पहिले अमुक, दुसरे तमुक' अशी नावे छापतात. फोटो उलटा असेल आणि नावे सुलट्या फोटोवरून सांगितलेली असतील, तर पहिल्याचे नाव आठव्याला लागते आणि दुसऱ्याचे सातव्याला. एकही माणूस आपल्या नावाने राहत नाही. पुजाऱ्याच्या खाली सुताराचे नाव आणि सुताराच्या खाली सावकाराचे. आणि एकदा छापले की ते खरे झाले. नातवंडे तोच कागद पुढे धरणार. सातबाऱ्यावर एखादी चुकीची नोंद पडली तर ती दुरुस्त करायला किती हेलपाटे पडतात, हे येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे. तेथे निदान अपील करता येते. मेलेल्या माणसाने आपल्या चुकलेल्या नावाविरुद्ध कोठे अपील करावे?

याच ठिकाणी या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग येतो. जागा पटली, पण माणसे? आठांपैकी दोघांना आजींनी ओळखले. एक त्यांचे सासरे, हातातल्या घुंगुरकाठीवरून. दुसरे गावचे सुतार, ज्यांनी देवळाचा जुना दरवाजा घडविला असे त्या सांगतात. उरलेले सहा कोण? मध्यभागी पगडी घातलेले, हातात छत्री असलेले एक भारदस्त गृहस्थ उभे आहेत. फोटो सर्वत्र दाखविल्यावर तीन घराण्यांनी सांगितले की हे आमचे पणजोबा. तिन्ही घराणी प्रतिष्ठित, तिन्ही घराण्यांची या जीर्णोद्धाराला भरघोस देणगी आहे. एकालाही खोटे म्हणण्याचे कारण नाही. घरात लहानपणापासून जे ऐकले तेच प्रत्येकाने सांगितले. पण एका पगडीखाली तीन पणजोबा मावत नाहीत.

समितीपुढे पेच पडला. एकाचे नाव घातले तर दोघे दुखावणार. तिघांची घातली तर हसे होणार. शेवटी समितीने जो निर्णय घेतला तो या स्मरणिकेत सर्वांना दिसेल. फोटोखाली आठ आकडे आहेत. त्यांतील दोन आकड्यांपुढे नावे आहेत आणि सहा आकड्यांपुढे जागा कोरी आहे. तिन्ही घराण्यांनी हा निर्णय मोठ्या मनाने मान्य केला. देणगी देण्याइतकेच हेही मोठे काम आहे. ज्यांनी दिले त्यांना आपण आज फलकावर नाव लावून मान देतो. ज्या सहा जणांची नावे गेली, त्यांनीही या देवळासाठी काही केलेच असेल, त्याशिवाय त्या दिवशी ते दीपमाळेजवळ उभे राहिले नसते. त्यांच्यावर दुसऱ्याचे नाव चिकटविण्यापेक्षा त्यांची जागा राखून ठेवणे हाच त्यांचा मान. उद्या कोणाच्या घरी त्याच गृहस्थांचा दुसरा फोटो नावासकट सापडला तर कोरी जागा भरता येईल. चुकीच्या नावाने भरलेली जागा मात्र कोणी तपासतच नाही.

मंडळी, हे सगळे आताच सांगण्याचे कारण असे की, खुणाही कायम राहतातच असे नाही. इजिप्त देशात अबू सिंबेल येथे डोंगरात कोरलेली प्राचीन मंदिरे आहेत. आस्वानच्या धरणाचे पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे कापून, तुकडे वर नेऊन पुन्हा जोडली. मंदिर तेच, पण जागा बदलली. त्यामुळे मूळ जागेची साक्ष देणारे उरले ते जुने फोटो आणि नकाशे. आपल्याकडे १९८० साली उजनी धरण पुरे झाले. भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली, माणसे नव्या गावठाणात गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार ओसरले की आजही वर दिसते आणि लोक दर्शनाला धावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घरेच्या घरे कोसळली, आणि त्या भागातील कितीतरी गावे नव्या जागी वसली. अशा गावांचा जुना फोटो आता कोणत्या चतुःसीमेवरून ओळखायचा? तेथे फक्त माणसाची आठवण उपयोगी पडते, आणि आठवण ही माणसाबरोबर जाते.

आपल्या गावावर असा प्रसंग आला नाही, ही देवाची कृपा. परंतु जीर्णोद्धार हाही एक मोठा बदलच आहे. जुना लाकडी सभामंडप गेला, नवा उभा राहिला. फरशी बदलली, ओवऱ्या वाढल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आज जी पोरे नव्या फरशीवर खेळत आहेत, त्यांना जुना मंडप कधीच आठवणार नाही. चाळीस वर्षांनी ती जुना फोटो हातात घेऊन विचारतील, हे कुठले देऊळ? त्या वेळी त्यांना उत्तर देणाऱ्या आजी नसतील.

म्हणून प्रत्येक घरासाठी काही सूचना आहेत. त्या सोप्या आहेत आणि त्यांना देणगी लागत नाही.

घरातला जुना फोटो काढावा, घरातल्या वडीलधाऱ्या माणसापुढे धरावा आणि विचारावे: कोठला, केव्हाचा, कोण कोण? ते सांगतील ते फोटोच्या पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पाझरते. नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत आणि तसे स्पष्ट म्हणावे. सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीखही घालावी. जे स्वतः पाहिलेले ते 'पाहिलेले' म्हणून आणि जे ऐकलेले ते 'ऐकीव' म्हणून वेगळे लिहावे. दोन माणसांचे सांगणे वेगवेगळे असेल तर दोन्ही लिहावे, एक खोडू नये. काही कळले नाही तर 'माहीत नाही' असे लिहायला लाजू नये.

फोटो गोंदाने वहीत चिकटवू नये, पुठ्ठ्यावरचा असेल तर ओढून काढू नये, ओल आणि ऊन लागेल अशा भिंतीवर टांगू नये. मोबाइलने त्याची प्रत काढावी, पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्हींची, आणि ती प्रत निदान आणखी दोन घरी ठेवावी. मेजर रॉबर्ट गिल नावाच्या साहेबाने अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षे बसून भिंतीवरच्या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक सर्व लंडनजवळच्या एका प्रदर्शनात १८६६ साली आगीत जळून गेल्या. एकाच ठिकाणी ठेवलेल्या वस्तूचा भरवसा नसतो. त्याच गिलने वेरूळ-अजिंठ्याचे फोटोही घेतले, ते १८६४ साली पुस्तकरूपाने छापले गेले, आणि पुष्कळ प्रती झाल्यामुळे ते आजवर टिकले.

ज्यांना शोधाची हौस आहे अशा तरुणांनी आणखी पुढे जावे. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअरे १८७७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत अनेक गावांची, देवळांची, बाजारांची वर्णने आहेत आणि ती आता संगणकावरही वाचता येतात. भूमि अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो. उपग्रहाचे चित्र मोबाइलवर दिसते. त्यावरून देवळाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि डोंगर कोठे येतो, हे घरबसल्या पडताळता येते. मात्र यंत्राने सुचविलेले उत्तर हे सुचविलेलेच समजावे. शेवटची खात्री पायाने चालत जाऊन, त्या जागेवर उभे राहून करावी. आणि जाताना बरोबर एखादे वृद्ध माणूस न्यावे.

आणखी एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. ही सभा संपल्यावर त्या आठ माणसांची जागा धरून, दीपमाळेजवळ, आजचे कार्यकर्ते, कारागीर, गवंडी, सुतार, पुजारी, आणि ज्या माउलींनी डोक्यावर पाटी वाहिली त्या सर्वांचा एक फोटो घ्यावा. तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून घ्यावा, म्हणजे खिंड आणि दीपमाळ जुन्या फोटोत आहेत तशीच येतील. नावे आजच लिहावीत, एकही न वगळता. जुन्या फोटोत सहा जागा कोऱ्या राहिल्या. नव्या फोटोत एकही जागा कोरी राहू नये.

आणि घरी गेल्यावर ट्रंकेचा तळ एकदा चाचपून पाहावा. पगडी घातलेल्या त्या गृहस्थांचे नाव कदाचित कोणाच्या तरी घरात, एखाद्या लग्नपत्रिकेच्या घडीत पडून असेल. ते ज्यांना सापडेल त्यांनी समितीकडे आणून द्यावे. घराणे कोणतेही निघो, साऱ्या गावाला आनंदच होईल.

ग्रामदैवताची कृपादृष्टी सर्वांवर अखंड राहो, आणि या देवळाच्या पायरीवर ज्यांनी ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे गावाच्या मुखी राहोत, हीच प्रार्थना.